तंबू उघडतो दोन सेकंदांत, मिटतो कधी?

पवना धरणाच्या काठावर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास एक खेळ हमखास बघायला मिळतो. आदल्या संध्याकाळी ज्यांनी गोल पिशवीतून तंबू काढला, हवेत भिरकावला आणि आजूबाजूच्यांच्या टाळ्या मिळवल्या, तीच मंडळी आता त्याच तंबूशी झोंबत असतात. एक जण कडी धरतो, दुसरा गुडघा टेकवून दाबतो, तिसरा मोबाइलवर तंबू मिटायचा व्हिडिओ बघत सूचना देतो. ‘अहो, उलटा पीळ देताय तुम्ही!’ ‘मग तूच ये ना इकडे!’ पोरं खिदळतात, शेजारच्या तंबूतले पोह्यांची बशी हातात धरून तमाशा बघतात. अखेर तंबू गोल होतो, पण पिशवीपेक्षा वीतभर मोठा.

झटपट तंबूची जाहिरात कायम उघडण्याची असते, मिटण्याची नसते. दोन सेकंद, साठ सेकंद, पाच मिनिटं हे आकडे खोटे नसतात, पण ते मुक्कामाच्या पहिल्या काही क्षणांपुरतेच खरे असतात. कुटुंबासाठी तंबू घेणाऱ्याने बघायची ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. दव पडून ओला झालेला तंबू, निघायची घाई, कंटाळलेली पोरं आणि आधीच भरलेली डिकी. त्या वेळी जो तंबू त्रास देत नाही, तो खरा झटपट.

ही झटपट उभं राहण्याची हौस तशी जुनी आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये बिल मॉस नावाचा एक चित्रकार होता. फोर्ड कंपनीच्या ‘फोर्ड टाइम्स’ मासिकासाठी तो चित्रं काढायचा. मधला खांब आणि जाड कॅनव्हास यांच्या जागी त्याने लवचिक दांडे आणि ताणलेलं कापड वापरून घुमटाकार ‘पॉप टेंट’ बनवला, तो १९५५ मध्ये. आज दुकानात दिसणारे बहुतेक घुमटी तंबू त्याच कल्पनेवर उभे आहेत. त्यानंतर बरोबर ५० वर्षांनी, २००५ मध्ये, डेकॅथलॉन या फ्रेंच कंपनीच्या क्वेचुआ ब्रँडने ‘टू सेकंड्स’ बाजारात आणला. पिशवीतून काढा, पट्टा सोडा, हवेत फेका. जमिनीवर पडेपर्यंत तंबू उभा. युरोपातल्या संगीतमहोत्सवांची मैदानं या तंबूंनी भरून गेली. पुढे याच कंपनीला दोऱ्या ओढून उघडणारा आणि मिटणारा सुधारित प्रकार काढावासा वाटला, यातच काय ते आलं.

फेकून उघडणाऱ्या तंबूत जादू नाही, पीळ आहे. फायबरग्लासची किंवा स्प्रिंगसारख्या पोलादाची लवचिक कडी कापडात कायमची शिवलेली असतात. बंद कड्याला विशिष्ट पद्धतीने पीळ दिला की त्याचे तीन लहान वेढे होतात. गाडीच्या काचेला लावायची गोल जाळी हाताने दुमडताना जे होतं तेच इथे मोठ्या प्रमाणावर होतं. पट्टा सुटला की कड्याला परत मोठं व्हायचं असतं, म्हणून तंबू स्वतःहून उघडतो. मिटताना मात्र त्या कड्याच्या इच्छेविरुद्ध जावं लागतं. म्हणून तिथे जोर कामाला येत नाही, क्रम कामाला येतो: आधी कडी एकमेकांवर आणून सपाट करायची, मग एक टोक पायाशी उभं धरून वरचं टोक आतल्या बाजूला वाकवायचं, आणि ते खाली नेताना दोन्ही बाजूंचे फुगवटे एकमेकांवर सरकू द्यायचे. हे चारदा घरी केलं की हाताला कळतं. नुसतं वाचून कुणालाच कळत नाही, हेही तितकंच खरं.

या पिळाच्या गणितातच कुटुंबाची अडचण दडलेली आहे. तीन वेढे म्हणजे गुंडाळीचा घेर मूळ कड्याच्या एक तृतीयांश. कड्याचा घेर ६ मीटर असेल तर गुंडाळी सुमारे ६४ सेंटिमीटर व्यासाची होते. घेर १२ मीटर झाला की व्यास जातो १२७ सेंटिमीटरवर, म्हणजे चार फुटांच्या वर. एवढी चकती छोट्या हॅचबॅकच्या डिकीत आडवी मावत नाही. स्कूटरचा तर विचारच नको आणि एसटीच्या रॅकवर ती ठेवली की कंडक्टरशी ओळख वाढते. म्हणून फेकून उघडणारे चांगले तंबू बहुधा दोघा-तिघांचेच असतात. आईबाबा आणि एक लहान मूल, एवढ्यांना ते ठीक आहेत. आजी सोबत असेल तर नाहीत, कारण त्यात रांगत शिरावं लागतं आणि बसून कपडे बदलावे लागतात. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांना ते एका रात्रीत नकोसं होतं.

कुटुंबाच्या मापाचा झटपट तंबू हवा असेल तर नजर वळते ती छत्रीच्या तंत्राकडे. यात दांडे तंबूला कायमचे जोडलेले असतात आणि माथ्यावर एका सांध्यात एकत्र येतात. तंबू जमिनीवर पसरायचा, पाय बाहेर ओढायचे, प्रत्येक पायाचा सरकता भाग ‘टक’ असा आवाज येईपर्यंत वर ढकलायचा. कोलमन या अमेरिकी कंपनीच्या ‘इन्स्टंट केबिन’ तंबूंनी हा प्रकार लोकप्रिय केला. त्यातला सहा जणांचा तंबू साधारण १० फूट बाय ९ फुटांचा आणि मध्यभागी सहा फूट उंच, म्हणजे मुंबईतल्या कित्येक फ्लॅटांच्या बेडरूमएवढा. एका मिनिटात उभा, असा कंपनीचा दावा आहे आणि सरावलेल्या दोघांना तो फारसा जड जात नाही. मिटायलाही हा सोपा, कारण पिळाची भानगड नाही. पाय आत घ्यायचे, कापड दांड्यांभोवती गुंडाळायचं.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. मिटलेला तंबू चकती न होता चार फुटांच्या आसपास लांब, जड वळकटी होतो. पाठीवर घेऊन चालायची ही वस्तू नव्हे. गाडी जिथवर जाते तिथवरच. शिवाय सगळा भार प्लॅस्टिकच्या सांध्यांवर. साध्या तंबूचा एक दांडा मोडला तर तेवढा बदलता येतो. छत्रीच्या तंत्रात माथ्याचा सांधा तडकला की अख्खा सांगाडा अडून बसतो. दुकानात असा तंबू बघताना कापडाला हात लावण्याआधी तो सांधा आणि पायांचे खटके चार-पाच वेळा उघडून-मिटून बघावेत. खटका लावायला दोन्ही अंगठे लागत असतील तर थंडीत, अंधारात, दव पडलेल्या हातांनी तो कसा लागेल, याचा अंदाज तिथेच येतो.

तिसरा प्रकार हवेचा. दांड्यांऐवजी जाड नळ्या. त्यांत हातपंपाने हवा भरायची की कमान उभी राहते. मोठ्या तंबूंत ही पद्धत खरोखर सोयीची आहे, कारण कुठला दांडा कुठे जातो ही भांडणं उरत नाहीत. नळीतला दाब साधारण ७ पीएसआय, म्हणजे गाडीच्या टायरच्या चौथा-पाचवा हिस्सा. तरीही टायरचा छोटा कंप्रेसर लावायचा मोह टाळावा: तो थोडी हवा जास्त दाबाने भरतो, तंबूला भरपूर हवा कमी दाबाने लागते. तंबूसोबत येणारा, दांडा वर ओढतानाही आणि खाली दाबतानाही हवा भरणारा पंपच बरा. भर दुपारी उन्हात नळ्यांतली हवा तापून दाब वाढतो, तेव्हा थोडी सोडावी लागते. वजन मात्र सोसावं लागतं. तेवढ्याच जागेच्या दांड्यांच्या तंबूपेक्षा हवेचा तंबू काही किलोंनी जड भरतो. मिटताना हवा पिळून काढत दोनदा गुंडाळायची तयारी हवी.

गाडीच्या टपावर बसणाऱ्या तंबूंची सध्या फार चर्चा आहे. ते पन्नास किलोंच्या पुढे सहज जातात. टपाला चालत्या गाडीत किती भार झेपतो हे गाडीच्या पुस्तिकेत बघितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. चौघांच्या कुटुंबाला, त्यातही शिडी चढू न शकणाऱ्या आजोबांना, त्याचा उपयोग थोडाच.

आणि मग उरतो तो जुना, फुलीच्या आकारात दोन-तीन दांडे ओवायचा साधा घुमटी तंबू. त्याला कुणी झटपट म्हणत नाही. पण दांड्यांच्या आतून रबरी दोरी गेलेली असते, त्यामुळे तुकडे आपोआप जुळतात, आणि कापडाला नेफ्याऐवजी आकडे असतील तर ते दांड्यावर नुसते अडकवायचे असतात. पहिल्या वेळी दोघांना अर्धा तास लागतो. सवय झाली की दहा-बारा मिनिटं. वेग यंत्रात असतो की हातात, याचं उत्तर आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर वाटेवर रोज मिळतं. दिंड्यांचे ट्रक पालखीच्या पुढे मुक्कामाला पोचतात आणि वारकरी चालत येईपर्यंत राहुट्या उभ्या असतात. पहाटे त्या उतरतात, ट्रकमध्ये जातात, संध्याकाळी पुढच्या गावी पुन्हा उभ्या राहतात. जड कापड, खांब, मेखा आणि तणावे, एवढाच सरंजाम. एकही स्प्रिंग नाही. पण खांब कुणी धरायचा, मेख कुणी ठोकायची, तणावा कुणी ओढायचा हे ठरलेलं असतं, आणि तेही बहुतेक वेळा पावसात. घरच्या चौघांनी आपापली कामं अशी वाटून घेतली तर साधा तंबूही जाहिरातीतल्या तंबूच्या मागे फारसा राहत नाही.

वेळेचा खरा हिशेब मांडला तर कापड उभं करणं हा त्यातला छोटा तुकडा निघतो. जागा हेरायची, दगड-काटे वेचायचे, ताडपत्री अंथरायची, तंबू उभा करायचा, मेखा ठोकायच्या, तणावे बांधायचे, सतरंज्या घालायच्या. यात अर्धा-पाऊण तास जातो. झटपट तंबू त्यातली दहा-पंधरा मिनिटं वाचवतो. ती मिनिटं कमी लेखू नयेत: ट्रॅफिकमध्ये अडकून अंधारात पोचलेल्या, झोपलेलं पोर कडेवर असलेल्या घराला ती लाखमोलाची वाटतात. पाऊस सुरू झाला असेल तर आणखीच. साध्या तंबूंपैकी बऱ्याच तंबूंत आधी आतली जाळीची खोली उभी राहते आणि तिच्यावर पावसाचं कापड चढवायचं असतं. तेवढ्यात आतली खोली भिजते. ज्यात दोन्ही थर एकत्र जोडलेले आहेत, असा तंबू अशा वेळी फार उपयोगी पडतो. झटपट तंबूचा मोठा गुण हा आहे, आणि जाहिरातीत नेमका तोच सांगत नाहीत.

आता मापाकडे. पिशवीवर ‘४ पर्सन’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ चार जण अंगाला अंग लावून झोपतील एवढाच. क्वेचुआच्या ‘आर्पेनाझ ४.१’ या कौटुंबिक तंबूची झोपायची खोली २४० बाय २१० सेंटिमीटरची आहे. चौघांत वाटली तर प्रत्येकाला ६० सेंटिमीटर रुंदी मिळते. रेल्वेच्या बर्थएवढी, म्हणजे कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून. बॅगा, पाण्याचे कॅन, बुटं आणि आईने ‘असू दे’ म्हणून आणलेली जादा चादर यांचा त्यात हिशेब नाही. या विशिष्ट तंबूला पुढे उभं राहता येईल अशी बैठकीची जागा आहे, म्हणून तो चौघांना चालतो. अशी जागा नसलेल्या तंबूत पिशवीवरच्या आकड्यातून दोन वजा करावेत. चौघांनी सहा जणांचा घ्यावा, दोघांनी चौघांचा. उंचीचा प्रश्न विशेषतः बायकांना विचारावा. साडी किंवा सलवार बसून नेसून-घालून बघितलेल्या कुणालाही तंबूत उभं राहता येण्याचं मोल कळतं. मात्र उंच आणि सरळ भिंतींचा तंबू वारा छातीवर घेतो. समुद्रकाठी किंवा घाटमाथ्यावर बुटका घुमटच टिकतो.

पाण्याच्या बाबतीत ग्राहकाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारा आकडा म्हणजे मिलिमीटर. तंबूवर ‘२००० मिमी’ किंवा ‘३००० मिमी’ लिहिलेलं असतं. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मग हा तंबू तिथे अर्ध्या मोसमातच गळणार की काय, अशी शंका येणं स्वाभाविक आहे. पण या दोन मिलिमीटरांचा एकमेकांशी संबंध नाही. प्रयोगशाळेत कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात. थेंब आत झिरपायला लागले त्या क्षणी दाब किती उंच पाण्याच्या स्तंभाएवढा होता, तो हा आकडा. २००० मिमी म्हणजे दोन मीटर उंच पाण्याचा दाब कापडाने झेलला. पावसाच्या थेंबांचा दाब त्याहून खूपच कमी असतो, त्यामुळे छताला १५०० ते २००० मिमी साधारणपणे पुरतं.

जमिनीचं गणित मात्र वेगळं. दोन मीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅम. साठ किलोची व्यक्ती ओल्या मातीवर दोन गुडघे टेकून बसली आणि प्रत्येक गुडघ्याखाली साधारण ४० चौरस सेंटिमीटर जागा धरली, तर दाब होतो ७५० ग्रॅम. जवळजवळ चौपट. छत कोरडं असतानाही सकाळी अंथरूण खालून दमट का लागतं, त्याचं एक कारण हे. म्हणून तळाचं कापड छतापेक्षा जाड हवं आणि त्याखाली ताडपत्री हवी. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान दुमडावी. ती बाहेर डोकावत राहिली तर छतावरून ओघळणारं पाणी तिच्यावर साठतं आणि सरळ तंबूखाली सरकतं. हौसेने मोठी ताडपत्री आणणारे रात्री तळ्यात झोपतात ते असे.

कापडाचा आकडा कितीही मोठा असला तरी पाणी शिवणीतून येतं. सुईने पाडलेली भोकं आतल्या बाजूने पारदर्शक पट्टीने बंद केलेली आहेत का, ते तंबूत शिरून, बाहेरच्या उजेडाकडे बघत तपासता येतं. संपूर्ण तंबूची चाचणीही काही कंपन्या करतात. क्वेचुआ आपले तंबू तासाला दर चौरस मीटरवर २०० लिटर पाणी सोडून तपासल्याचं सांगते. चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. म्हणजे तासाला २०० मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, हे आठवलं की या चाचणीचा कडकपणा कळतो. पण प्रयोगशाळेत सह्याद्रीचा वारा नसतो. जुलै-ऑगस्टात घाटमाथ्यावर पाऊस आडवा येतो, ढग तंबूत शिरतात आणि तासाभराचा पाऊस चार-चार दिवस थांबत नाही. त्या दिवसांत पोराबाळांना घेऊन कुठल्याही तंबूत न राहणं शहाणपणाचं. आपल्याकडचा खरा मोसम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, आणि मग काजव्यांसाठी भंडारदऱ्याला जाणाऱ्यांचा मे अखेर ते जूनची सुरुवात.

याच काजव्यांच्या दिवसांत वळीव गाठतो. आधी धुळीचा लोट, मग झोडपणारा वारा, पाऊस शेवटी. आकाश निरभ्र आहे म्हणून तणावे पिशवीतच ठेवणाऱ्यांचे तंबू पहिल्या झोतात कोलमडतात. फेकून उघडणारे हलके तंबू तर, आत कुणी नसेल तर, चक्क गडगडत जातात. खुंट्या न ठोकताही तंबू उभा राहतो, त्यामुळे त्या ठोकायची गरजच नाही असा समज होतो. झटपट तंबूचा हा एक छुपा तोटा.

खुंट्यांचं दुखणं महाराष्ट्रात जास्तच. तंबूसोबत येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या युरोपातल्या हिरवळीसाठी बनवलेल्या असतात. देशावरच्या मुरमात त्या दोन ठोक्यांत वाकतात, आणि कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर तर टेकतही नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची जाड खिळे आणि एक छोटा हातोडा घेतला की मुरमाचा प्रश्न मिटतो. सड्यावर तणावे मोठ्या दगडांना गुंडाळायचे. काशीद किंवा कर्द्याच्या पुळणीवर खुंटी सरळ वर येते. तिथे कापडी पिशवीत वाळू भरून, तिला तणावा बांधून ती हातभर खोल पुरावी. असा नांगर सहसा हलत नाही.

थंडीतल्या सकाळी तंबूच्या आतल्या बाजूला पाणी दिसलं की लोक दुकानदाराला शिव्या घालतात. बहुतेक वेळा ते गळलेलं नसतं, घरच्यांच्याच श्वासाचं असतं. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. चौघांचं होतं लिटरभर. थंड कापडाला टेकून त्याचे थेंब बनतात. आत जाळीची खोली आणि तिच्यावर थोडं अंतर सोडून पावसाचं कापड, असे दोन थर असतील तर हे थेंब बाहेरच्या थरावरून ओघळून जातात. एकाच थराच्या स्वस्त झटपट तंबूंत ते अंगावर टपकतात. वर आणि खाली, दोन्हीकडे हवा खेळायला झरोके हवेत, आणि थंडी वाजते म्हणून ते बंद करायचे नाहीत. शेगडी किंवा गॅसचा स्टोव्ह आत पेटवणं तर सरळ जिवावरचं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उजेड आणि उष्मा हेही विचारात घ्यायला हवं. बाहेरून पांढरं आणि आतून काळं असं कापड काही कंपन्या वापरतात. क्वेचुआ त्याला ‘फ्रेश अँड ब्लॅक’ म्हणते. बाहेरचा पांढरा थर ऊन परतवतो, आतला काळा उजेड अडवतो. सकाळी सातलाच पोरं उठून बसू नयेत असं वाटणाऱ्या आईबापांना तो काळोख फार प्रिय असतो. तंबू कितीही भारी असला तरी मे महिन्यात पूर्वेला झाड नसेल तर आठनंतर आत बसवत नाही.

तळ आणि भिंती एकमेकांना शिवलेल्या असणं, आणि दाराची चेन शेवटच्या टोकापर्यंत पूर्ण बंद होणं, या दोन गोष्टींवर तडजोड नको. समुद्रकिनारी सावलीसाठी मिळणाऱ्या उघड्या बाजूंच्या झटपट ‘बीच टेंट’मध्ये रात्री झोपायचं धाडस काही जण करतात. रत्नागिरीच्या सड्यांवर फुरसं हा विषारी साप सर्रास आढळतो आणि विंचवाला तर जागेचं बंधनच नाही. बाहेर काढलेले बूट सकाळी आपटूनच पायात घालावेत.

हे सगळं घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न खरेदीआधीच सोडवलेला बरा. पवनेकाठी जाणाऱ्या बहुतेकांना तंबू तिथेच भाड्याने मिळतो. वर्षातून एकदाच जाणाऱ्याने स्वतःचा घ्यायची गरज नाही. भंडारदऱ्याचा बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. गावकऱ्यांच्या जागेत, त्यांच्याशी बोलून राहावं लागतं. कोयना अभयारण्यातल्या वासोट्यावर तर मुक्कामच करता येत नाही. संरक्षित किल्ल्यांवर जाण्याआधी नियम विचारून घ्यावे लागतात. स्वतःचा तंबू खरा वसूल होतो तो मामाच्या आमराईत, मित्राच्या शेतावर, किंवा कोकणातल्या घरगुती निवासाच्या अंगणात, जिथे पोरांना तंबू हवा असतो आणि मोठ्यांना शंभर पावलांवर संडास.

आणि मग परत घरी. ओला तंबू पिशवीत राहिला की आपल्या हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. त्याहून वाईट म्हणजे कापडाच्या आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा थर: दमट हवेत तो हळूहळू विघटित होतो, चिकट होतो, त्याला आंबट घाण वास येतो आणि मग त्याची पापडी सुटते. एकदा हे सुरू झालं की इलाज नाही. मुंबई-कोकणात माळ्यावर चार पावसाळे पडून राहिलेला तंबू उघडावा तर बऱ्याचदा असाच निघतो. तो वाळवायला जागा लागते, आणि इथे मोठा केबिन तंबू घेणाऱ्याची गाठ सोसायटीच्या गच्चीशी, पर्यायाने सेक्रेटरीशी पडते. गच्चीची किल्ली सहज मिळत नसेल तर पावसाचं कापड आतल्या खोलीपासून वेगळं होणारा तंबू घ्यावा. दोन तुकडे दोन खोल्यांत, पंख्याखाली, दाराच्या वर टाकून वाळवता येतात. सगळं एकत्र शिवलेला झटपट तंबू फ्लॅटमध्ये वाळवणं म्हणजे त्या दिवशी घरात स्वयंपाक बंद. वाळल्यावर त्याच्या घट्ट पिशवीत कोंबण्यापेक्षा जुन्या सुती चादरीत सैल बांधून ठेवावा. चेनमध्ये वाळू अडकली असेल तर जुन्या टूथब्रशने झाडून मेणबत्ती घासावी. वॉशिंग मशीनमध्ये मात्र तंबू कधीच घालू नये. तिथे वरचा थर आणि शिवणीवरच्या पट्ट्या दोन्ही उखडतात.

फायबरग्लासचा दांडा उभा चिरला तर त्यावर बसणारी धातूची नळी किंवा नवा तुकडा सुटा मिळतो, आणि साध्या तंबूची दुरुस्ती अर्ध्या तासात होते. हवेच्या तंबूची नळी फुटली तर सायकलच्या ट्यूबसारखंच ठिगळ लागतं. छत्रीच्या तंत्रातला माथ्याचा सांधा सुटा मिळतो का, हा प्रश्न मात्र पैसे मोजण्याआधीच विचारायला हवा. विक्रेत्याने तो माहितीपत्रकात क्रमांकासह दाखवला तर तंबू घ्यावा; ‘आणून देऊ साहेब, काळजी नको’ एवढंच म्हणाला तर शेजारच्या रांगेतला दांड्यांचा तंबू बघावा.